अकरापैकी आठ कमानी

१

आमच्या गावात तेरा पूल आहेत. सुमंत सरांनी मोजलेत आणि मी ते दोनदा टाइप केलेत, त्यामुळं माझे पाठ आहेत.

गाव कृष्णेच्या काठावर. एका अंगानं ओढा येऊन मिळतो, दुसऱ्या अंगानं पाट जातो, आणि त्या पाटाला फुटलेला आणखी एक पाट बाजारातनं जातो. कुठंही जायचं म्हणलं की काहीतरी ओलांडायला लागतं. मी शाळेला जाताना तीन पूल ओलांडायचो. चौथा ओलांडला की थेटर होतं, त्यामुळं बऱ्याचदा चार.

नगरपालिकेला पाऊणशे वर्षं झाली म्हणून गावातल्या पुलांच्या इतिहासाची स्मरणिका निघणार होती. मजकूर सुमंत सरांचा. सर आमच्या हायस्कूलला तीस वर्षं इतिहास शिकवून रिटायर झालेले. छपाई अमृतच्या प्रेसमध्ये, आणि तिथं कॉम्प्युटरवर बसणारा मी. नाव राजवर्धन, पण सगळे राजा म्हणतात.

सरांनी मनापासून लिहिलं होतं. फरशी पूल दर पावसाळ्यात बुडतो आणि वर आला की त्याला नारळ फोडतात. लोखंडी पुलाचे भाग साहेबाच्या काळात बैलगाड्यांतनं आले, जोडून झाल्यावर दोन तुळया उरल्या, त्या आता तालमीच्या छताला आहेत. एका पुलाखालचा पाटच सरकवला, तरी पूल तिथंच उभा आहे. सरांनी दोन मोऱ्यासुद्धा पुलात धरल्या होत्या. तेरा आकडा भरायचा होता बहुतेक.

घोळ झाला पान तेवीसवर. विट्याच्या एका सोनं गाळणाऱ्या गलाईवाल्यानं अर्ध्या पानाची जाहिरात ऐनवेळी रद्द केली. सर डोळ्याच्या ऑपरेशनला पुण्याला, त्यांच्या लेकीकडं, चारुलताताईंकडं गेलेले. महिनाभर वाचायचं नाही, मोबाईल बघायचा नाही. अमृत म्हणाला, गुलाबाचं फूल टाक आणि मोकळा हो.

आता माझा एक स्वभाव आहे. मागं एका लग्नपत्रिकेत मी 'आपली उपस्थिती ऐच्छिक आहे' असं बारीक अक्षरात टाकलं होतं. सहाशे माणूस जेवलं. कुणाला काही कळलं नाही, कारण छापलेलं कुणी वाचत नाही. त्या भरवशावर मी पान तेवीसवर चौदावा पूल बांधला.

"चौदावा : मधला पूल. देवीच्या घाटापासून पैलतीरापर्यंत. केवळ पादचाऱ्यांसाठी. एकूण कमानी अकरा, पैकी आठ बांधून पूर्ण. उर्वरित कमानींचे काम सवडीने होणार असल्याने पूल वापरास खुला करण्यात आला. कठडा फक्त डाव्या बाजूस असल्याने जाणाऱ्यांनी व येणाऱ्यांनी डावीकडूनच चालावे."

एकटाच हसलो. मग छापायला सोडलं.

२

प्रकाशन झालं, हार-तुरे झाले, गठ्ठे नगरपालिकेच्या जिन्याखाली गेले. मी विसरूनही गेलो.

पंधरा दिवसांनी, जानेवारीत, सुलाबाई प्रेसच्या पायरीवर मेथीची पाटी घेऊन बसल्या. त्या नदीपलीकडच्या. रोज मोठ्या पुलानं येतात आणि कारखाना सुरू असला की उसाच्या ट्रॉल्या पुलावर अडकतात, त्यामुळं दहाच्या आत काही पोचत नाहीत. त्या दिवशी आठलाच हजर होत्या. मी सहज विचारलं, मावशी, आज लवकर?

"मधल्या पुलानं आले," म्हणाल्या. "ट्रॉल्यांच्या मागं कोण मरत बसंल."

मी म्हणलं, कुठला मधला पूल. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी स्वतःचं घर विचारतोय. देवीच्या घाटावरचा, म्हणाल्या, आणि मेथी सोडवायला लागल्या.

सुलाबाईंना वाचता येत नाही. पैसे मोजताना सुद्धा त्या नोटेचा रंग बघतात. म्हणजे कुणीतरी त्यांना शिकवून बसवलं होतं, आणि असला उद्योग करणारा गावात माझ्याशिवाय अमृतच. मी आत जाऊन त्याचं अभिनंदन केलं. तो म्हणाला कशाबद्दल. मी पान तेवीस म्हणलं. त्यानं गुलाब चांगला आला का विचारलं. त्यानं स्मरणिका उघडलीच नव्हती.

मी परत बाहेर आलो तेव्हा सुलाबाई पाणी प्यायला माठाकडं गेल्या होत्या. आमची फरशी काळी आहे. तिच्यावर पायरीपासून माठापर्यंत पांढरे पाय उमटले होते. बोटं, टाच, सगळं स्वच्छ. मी बोट लावून बघितलं.

ओला चुना होता.

३

घाटावर गेलो. अकरा वाजले होते. नदी होती, म्हशी होत्या, कपडे धुणाऱ्या बायका होत्या. पूल नव्हता. मला बरं वाटलं, आणि बरं का वाटलं म्हणून जरा राग आला.

तिथं बिराप्पा मेंढरांना पाणी पाजत होता. तो दरवर्षी कर्नाटकच्या सीमेकडनं येतो आणि ऊस तुटलेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवतो. मी हसत हसत विचारलं, गड्या, मधला पूल कुठं आहे? त्यानं हनुवटीनं दाखवलं. वरच्या अंगाला, पाण्यापासून दोन पुरुष उंच, मोकळ्या हवेत. मग मी कपडे धुणाऱ्या बायकांना विचारलं. त्यांनीही हनुवटीनं तीच जागा दाखवली. धा वाजून गेले की, असं एक जण म्हणाली. आता कसा दिसंल?

मी बिराप्पाला विचारलं, त्यावरनं मेंढरं नेतोस?

"मेंढरं चढत न्हाईत," तो म्हणाला. "माणसं जात्यात."

पलीकडं कुठं उतरतं ते? तर पाण्याकडं बघायला लागला. आठवत असल्यासारखा. मग म्हणाला, मधी जरा थांबाय लागतं. काम चालू हाय तितं. मी म्हणलं, आणि मग?

"मग आलो की पल्याड."

कसा आलास, हे त्याला सांगता येईना. मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही, कारण त्याच्या तोंडावर मला ते दिसलं. पुढं पूल नसताना आपण पलीकडं कसे आलो, हे त्याला स्वतःलाच आता पहिल्यांदा सुचलं होतं.

त्या आठवड्यात मी सात जणांना विचारलं. सगळे डावीकडनं चालत होते. कुणीही स्मरणिका वाचली नव्हती. दगड ऊन पडलं तरी गार असतो, असं दोघं म्हणाले. हे मी लिहिलं नव्हतं.

४

प्रेससमोर नानासोंचा चहाचा गाडा. मंगळवारी गाड्यावर त्यांची बायको शालूबाई उभ्या होत्या. मी विचारलं, नानासो कुठं? कामावर गेल्यात, म्हणाल्या. कुठल्या कामावर? पुलाच्या.

नानासोंनी आयुष्यात चहाशिवाय काही केलेलं नाही. त्यांना खिळासुद्धा सरळ ठोकता येत नाही, गाडा बघूनच कळतं. बुधवारी त्या एकट्याच होत्या. शुक्रवारीही. घाटावर नानासोंची मोटरसायकल स्टँडला लावलेली होती, सीटवर दव पडलेलं, किल्ली तशीच. चार दिवस कुणी नेली नाही. आमच्या गावात हे चमत्कारातच धरायला पाहिजे.

मी शालूबाईंना म्हणलं, काकी, घरी कधी येतात ते? त्या चहा गाळत होत्या.

"माणसं कमी पडत्यात म्हणं," त्या म्हणाल्या. "मुक्कामच हाय आता."

मला भीती मुक्कामाची वाटली नाही. त्यांनी ते ज्या आवाजात सांगितलं, त्याची वाटली. नवरा मिलिटरीत आहे, दिवाळीला सुट्टी मिळाली तर येईल, असं आमच्या घरातल्या बायका सांगतात तो आवाज. काळजी आधीच करून संपलेली.

त्या दिवशी मी चहा अर्धा टाकला. संध्याकाळी घरी जाऊन अप्पांना सगळं सांगायचं ठरवलं.

ही माझी चूक. पूल लिहिणं ही गंमत होती. अप्पांना सांगणं ही चूक.

५

अप्पा म्हणजे माझे वडील, सयाजी. फौजेत इंजिनिअर रेजिमेंटला सुभेदार होते. नदीवर लोखंडी पूल टाकायचा, फौज पलीकडं न्यायची आणि पूल परत उचलायचा, हे त्यांनी सव्वीस वर्षं केलं. देवाधर्माला जातात, पण भूतबीत म्हणलं की उठून जातात. गावातल्या तेराही पुलांना त्यांनी नावं ठेवलेली आहेत. मला वाटलं, एक शिवी हासडतील आणि सगळं जागेवर येईल.

त्यांनी चष्मा लावला आणि पान तेवीस वाचलं. परत वाचलं. मी म्हणलं, अप्पा, हे मी मनानं लिहिलंय, असा पूल नाहीच.

"आठ कमानी झाल्या," ते म्हणाले. "नववीला पाया कुठाय?"

मी म्हणलं, अप्पा, पूलच नाही तर पाया कसला.

ते ऐकत नव्हते. पानावर बोट ठेवून बसले होते. अर्ध्या पुलावर माणसं सोडली, असं पुटपुटले. आठव्या कमानीला पलीकडनं रेटा नाही, ती किती दिवस धरंल. मग माझ्याकडं बघून त्यांनी हळू विचारलं, की वापरास खुला केला हे कुणाच्या सहीनं? मी म्हणलं, कुणाच्याच नाही. म्हणजे माझ्याच.

"काम अर्धं टाकून येत न्हाईत, राजा," एवढंच म्हणाले.

रागावले असते तर मला झोप लागली असती.

सकाळी उठलो तर त्यांचे बूट नव्हते. खुंटीवरचा ओळंबाही नव्हता. आई म्हणाली, शेतावर गेले असतील. शेतावर ओळंबा घेऊन कोण जातं, हे मी तिला विचारलं नाही.

६

पहिल्या दिवशी अप्पा अंधार पडायच्या आत आले. हात कोपरापर्यंत पांढरे. दोन भाकरी जास्त खाल्ल्या आणि कधी नव्हे ते आईशी गप्पा मारत बसले. रिटायर झाल्यापासून इतके खूश मी त्यांना बघितले नव्हते. मी त्यांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं, उद्या जाऊ नका म्हणून. ते म्हणाले, तितं काटकोनाला गुनिया लावाय एकाला बी येत न्हाई. चहावाला चुना कालवतोय.

दुसऱ्या दिवशी उशिरा आले. बूट न काढता झोपले.

तिसऱ्या दिवशी आलेच नाहीत. आईनं ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, मुक्काम पडला असंल. शालूबाईंचाच आवाज. मी तिच्याकडं बघायचं टाळलं.

चौथ्या दिवशी सकाळी आठला घाटावर गेलो. नदीवर धुकं इतकं होतं की खालच्या पायरीवरचं पाणी दिसत नव्हतं. मी अप्पांना फोन लावला. दोन रिंगांत उचलला. मागं छिन्नीचा आवाज येत होता, ठक, ठक, मग थोडं थांबून ठक. अप्पा कुठं आहात, म्हणलं. पुलावर, म्हणाले. वारं ग्वाड हाय.

फोन कानाचा काढला. ठक, ठक, थांबून ठक. आवाज बंद झाला नव्हता. माझ्या डोक्यावरनं येत होता.

वर बघितलं. धुकं जरा हललं, एक-दोन श्वास एवढंच. पूल दिसला नाही. तळवे दिसले. पाण्यापासून दोन पुरुष उंच, खालनं दिसतात तसे, नुसते तळवे. काही अनवाणी, काही चपलांचे, एका ओळीत, डाव्या बाजूला, सगळे उभे. ओळीच्या शेवटाकडं निळी स्लिपर, नानासोंची. तिच्या पुढं, सगळ्यात टोकाला, नाल ठोकलेले बूट, अप्पांचे. टाचा टेकलेल्या होत्या. चवडे पुढं आले होते, आणि चवड्यांच्या पुढं धुकं जरा जास्त काळं होतं.

मी हाक मारायला तोंड उघडलं. फोनमधनं अप्पा हळू बोलले, जसं घरात कुणी झोपलंय.

"खालनं हाक मारू नगंस. दचकत्यात माणसं."

७

त्याच दिवशी दुपारी सुमंत सर प्रेसमध्ये आले. डोळ्याला काळा चष्मा, हातात स्मरणिका, पान तेवीसवर बोट घातलेलं. चारुलताताईंनी काल त्यांना वाचून दाखवली म्हणे. रागावले नव्हते. तेच अवघड होतं. ते म्हणाले, तीस वर्षं मी मुलांना सांगितलं की पुरावा नसेल तर लिहू नका, आणि माझ्या नावावर हे. शुद्धिपत्रक छापायचं, पाचशे प्रती, आज. प्रत्येक स्मरणिकेत चिकटवायचं.

सगळं बरोबर होतं. मी स्वतः आठवडाभर हाच विचार करत होतो. पूल नाही असं छापलं की पूल जाईल. पण त्या वेळेला अप्पा कुठं असतील?

सरांनी मजकूर सांगितला. "पान तेवीसवर उल्लेखलेला मधला पूल अस्तित्वात नाही व कधीही नव्हता." मी टाइप केलं. टाइप करणं म्हणजे छापणं नव्हे, असं मी स्वतःला समजावलं. सवयीनं सेव्ह केलं. मग खुर्ची फिरवली आणि म्हणलं,

"सर, अप्पा उतरूस्तवर थांबा."

त्यांनी चष्मा काढला. एक डोळा लाल होता. त्यांना वाटलं, परत चेष्टा. मी काही समजावलं नाही, फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. ठक, ठक, थांबून ठक. सर ऐकत राहिले. मी अप्पांना विचारलं, उतरता का? ते म्हणाले, नववीचे दोन थर राह्यलेत. ते बसवून उतरतो, समद्यास्नी घेऊन. सर माझ्या वडलांना चाळीस वर्षं ओळखतात. आवाज त्यांनी ओळखला. ते हळूच स्टुलावर बसले आणि म्हणाले, "येऊ दे त्यांना आधी. घाई नाही."

मला रडूच येणार होतं. तेवढ्यात आतल्या खोलीत प्रिंटर सुरू झाला.

आमच्याकडं एक पद्धत आहे. मी सेव्ह केलेलं अमृतच्या कॉम्प्युटरवर दिसतं आणि तो विचारत बसत नाही. नगरपालिकेचं काम, त्यात चूक निघालेली, त्यानं घाईघाईनं पाचशेचा आकडा टाकून दिलेला. शुद्धिपत्रकाची पहिली चिठ्ठी घेऊन तो बाहेर आला आणि कौतुकानं सरांच्या हातात दिली.

फोनवरची छिन्नी थांबली.

"राजा," अप्पा म्हणाले. आवाज शांत होता, कामावरचा. "माझ्या मागच्या कमानी कुठं गेल्या रं?"

मी आत पळालो आणि प्रिंटरची वायर भिंतीतनं उपसली. दुसरी चिठ्ठी निम्मी बाहेर आलेली, निम्मी आत. 'मधला पूल' एवढी अक्षरं बाहेर दिसत होती. अमृत म्हणाला, वेडा झालास का, आणि कागद ओढायला हात पुढं केला. मी त्याचा हात धरला. तो माझ्यापेक्षा ताकदीनं जास्त आहे, पण त्यानं माझ्याकडं बघितलं आणि हात मागं घेतला.

मी अप्पांना विचारलं, आता काय दिसतंय? फोनमधनं दगडावर बूट जपून सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, सातवी निम्मी हाय. तिच्या अल्याड घाटापातुर काय न्हाई. आमी आठवीवर हाय, पंधरा माणसं. दोन्हीकडनं मोकळं.

"अप्पा, हलू नका," मी म्हणलं.

"हलतोय कशाला," अप्पा म्हणाले. "तू बी हलवू नगंस."

आता पाच वाजत आलेत. सर स्टुलावर बसलेत, ती छापलेली चिठ्ठी दोन्ही हातांत धरून. खाली ठेवली तर काय होईल, हे त्यांना ठाऊक नाही, मलाही नाही. अमृत दारात उभा राहून गिऱ्हाइकांना सांगतोय की मशीन बंद आहे, उद्या या. मी प्रिंटरसमोर फरशीवर बसलोय. वर पंखा आहे, तो मी बंद केलाय. कागदाचं बाहेर आलेलं टोक तरीही मधनंच जरा थरथरतं, आणि ते थरथरलं की फोनवर पंधरा माणसं एकदम श्वास घेतात.

फोन चार्जिंगला लावलाय. स्पीकर चालू आहे. मघापासून एकच छिन्नी ऐकू येते, हळू, जपून. अप्पांनी नववीचं काम परत सुरू केलंय.